मास्तरांचा उजवा पाय

हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलताना एक गंमत होते. वरचं पातं ज्या दिशेनं फिरतं, त्याच्या उलट दिशेला खालचं सगळं धूड वळू पाहतं. ते वळू नये म्हणून वैमानिक पायाखालची पट्टी दाबतो. डाव्या हातानं दांडा वर घ्यायचा आणि त्याच क्षणी पाय द्यायचा. पोहणारा माणूस कधी कुठला पाय मारू असा विचार करत बसत नाही, तसंच हे. विचार करायला बसलात तर उशीर झालेला असतो.

जुन्या हेलिकॉप्टरात हा पाय उजवा होता. नव्यात पातं उलट फिरतं, म्हणून डावा.

तळावर ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांचं उभं आयुष्य जुन्यावर गेलं होतं. तिथल्या निम्म्याअधिक वैमानिकांना त्यांनीच उडायला शिकवलं होतं, म्हणून ते मास्तर. आता जुनी हेलिकॉप्टरं मोडीत निघाली होती आणि त्यांच्या जागी आपल्याच देशात बनलेलं नवं आलं होतं. माणसं, सामान, जखमी, सगळं नेणारं. ते नुसतं कागदावर होतं तेव्हा कारखान्याचे इंजिनियर वैमानिकांना विचारायला आले होते, तुम्हाला काय हवंय? मास्तर म्हणाले होते, मागून मोठं दार द्या. जुन्यात जखमी माणसाला तिरका करून आत घालावा लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कळवळतो. दार तसंच झालं होतं.

त्या हेलिकॉप्टरच्या परीक्षेत मास्तर पास झाले, तर निवृत्तीपर्यंत उडणार होते. नाही झाले, तर उद्यापासून टेबलखुर्ची. आज शेवटची फेरी होती.

वैमानिकांच्या खोलीत सकाळचा चहा चालला होता. नव्यावर नुकत्याच बसलेल्या पोरांना त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

"जुनं कसं, आधी ऐकून घ्यायचं, मग ठरवायचं वळायचं की नाही," एक जण म्हणाला. "हे मनात आलं की वळतं. पहिल्या दिवशी मी घाबरलोच."

"माझं उलट. मला वाटलं आजवर गोधडी पांघरून उडत होतो, कुणीतरी ती काढून घेतली."

"मास्तर, तुम्ही सांगा. नवी सून कशी आहे?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "सून गुणाची आहे. सासूला दोनदा सांगावं लागायचं, हिला अर्ध्यात कळतं. खिडकी पार पायापर्यंत आहे, उतरायची जागा दिसते. थरथर इतकी कमी की उतरल्यावर दात जागेवर असतात."

"आणि सासू?"

"सासूला नावं ठेवू नका. तुमच्यासारख्यांना तिनं सांभाळलं."

सगळे हसले. कोपऱ्यात हेल्मेटचा पट्टा नीट करत बसलेली चिमणी मात्र हसली नाही. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. पहिल्या दिवशी तिची पावलं पट्ट्यांपर्यंत पोचेनात, तेव्हा पाठीमागे उशी देऊन त्यांनी तिला बसवलं होतं. आता ती परीक्षक होती. मास्तरांचा निर्णय तिच्याच हातात होता.

"चला, सर," ती म्हणाली.

हवा स्वच्छ होती. मास्तरांनी हेलिकॉप्टर उचललं, डावा पाय अचूक दिला. वळणं घेतली, टेकडीच्या कडेनं नेलं, परत आणलं. चिमणीचे पाय तिच्या बाजूच्या पट्ट्यांवर नुसते टेकलेले होते. मास्तरांचा हात इतका हलका की तिला पुन्हा शिकाऊ झाल्यासारखं वाटलं. मन लावून उडवताना मास्तरांचा पाय कधीच चुकत नव्हता, हे तिला ठाऊक होतं. चुकला होता तो मागच्या आठवड्यात, एकदाच, मन दुसरीकडे असताना. तेव्हा मास्तर म्हणाले होते, वारा आला. वारा नव्हता.

शेवटचा भाग जखमी उचलण्याचा. मैदानात उतरायचं, मागच्या दारातून स्ट्रेचर आत घ्यायचं आणि ताबडतोब निघायचं. स्ट्रेचरवर वाळूची पोती बांधली होती. दार लागल्याची खूण झाली. स्ट्रेचर आणणारे दोघे वाकून बाजूला निघाले. मास्तर दांडा वर घेऊ लागले आणि तेवढ्यात चिमणी म्हणाली, "सर, मागचा पट्टा सुटलाय का बघा."

हीही त्यांचीच शिकवण. खरा प्रसंग असाच येतो, कुणीतरी काहीतरी ओरडतच असतं.

मास्तरांनी मान वळवली. हात वर गेला. आणि उजवा पाय खाली गेला.

नाक गर्रकन उजवीकडे फिरलं, शेपटी उलट बाजूला, त्या दोन माणसांच्या दिशेनं. चिमणीनं डावी पट्टी ताडकन दाबली. शेपटी थांबली. ते दोघे जमिनीवर पालथे पडले होते. मग उठून त्यांनी कपडे झटकले आणि ठीक असल्याचा हात केला. तिनं हेलिकॉप्टर खाली ठेवलं.

पातं पूर्ण थांबलं.

"सांग," मास्तर म्हणाले.

"सर, नाही देता येणार."

"आणखी चारदोन फेऱ्या दे."

"पाय शांत वेळी तुमचं ऐकतो, सर. घाईत जुन्याचं ऐकतो. आपलं काम घाईचंच असतं."

"चिमणे, मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही."

"ठाऊक आहे."

"दुसरं कुणी असतं तर त्यानं दिल्या असत्या फेऱ्या."

"दिल्या असत्या," ती म्हणाली. "आणि पाय दहा वेळा बरोबर पडला असता. अकराव्या वेळी आत खरा जखमी असता. तुम्ही असता माझ्या जागी, तर काय केलं असतं?"

मास्तरांनी पट्टा सोडला आणि ते खाली उतरले. चिमणी बराच वेळ आतच बसून राहिली.

दुपारी कारखान्याचा तरुण इंजिनियर आला. नव्याबद्दल प्रत्येक वैमानिकाला काय वाटतं ते तो विचारत होता. मास्तरांकडे जावं की नाही, असा तो दारात घुटमळला. बातमी त्याच्या कानावर गेली होती.

"या की," मास्तर म्हणाले. "मीही उडवलंय ते."

त्यांनी सगळं सांगितलं. खिडकी, हाताचा हलकेपणा, खुर्ची जरा उंच हवी. मग म्हणाले, "एक महत्त्वाचं. जुन्यावरून येणाऱ्याला शिकवताना, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवून उचलायला लावा. अगदी सुरुवातीपासून. तो स्वतःहून सांगणार नाही पाय चुकतो म्हणून. म्हणेल, वारा आला."

इंजिनियरनं ते लिहून घेतलं आणि तो उठला.

मास्तर घरी आले तेव्हा बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. त्यांनी बूट काढले आणि तिच्या हातातली चादर एका टोकाला धरली. दोघांनी मिळून ती घडी केली.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

"हेलिकॉप्टर फार चांगलं आहे गं," ते म्हणाले. "खरंच. पोरं सुखी राहतील त्यात."

"मी तुमचं विचारतेय."

ते दोरीवरची पुढची चादर काढायला वळले. चिमटे काढता काढता एक हातातून निसटून खाली रस्त्यावर पडला, तो कुठं पडला ते वाकून बघत राहिले. बायकोनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि ते वळण्याची वाट पाहत उभी राहिली.