समाजशास्त्र विभागाचा इतिहास, दोन पानांत

कॉलेजांचा दर्जा ठरवणारी नॅकची समिती येणार म्हटल्यावर आमच्या वाशीमच्या कॉलेजात रंगाचे डबे आले, कुंड्या आल्या, आणि प्रत्येक विभागाने आपला इतिहास दोन पानांत लिहून द्यावा असं पत्रकही आलं. समाजशास्त्र विभागात लिहिणारी मी एकटीच. मी समीक्षा. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जुलैत नेमणूक आणि मार्चअखेर घरी. आधीचे प्रमुख २०१८ला निवृत्त झाले, तेव्हापासून आठ वर्षं विभागाचं कपाट, हजेरी, परीक्षा, बंद पडलेला पंखासुद्धा माझ्याच गळ्यात आहे.

जुने अहवाल काढले. विभाग १९८६चा. पहिले प्रमुख १९९७ला निवृत्त झाले, दुसरे आले २००६ला. मधल्या नऊ वर्षांपुढे दोनच शब्द होते: पद रिक्त. गंमत म्हणजे एमएचा वर्ग सुरू झाला तो याच नऊ वर्षांत. आता रिकाम्या खुर्चीने विद्यापीठाकडे प्रस्ताव पाठवला म्हणायचा का?

कार्यालयातले मोठे बाबू प्रेमसिंग राठोड यांना विचारलं.

"वच्छलाबाई होत्या ना! तुमच्यासारक्याच, तासावाल्या," ते म्हणाले. "एमएसाठी अमरावतीले दहा चकरा मारल्या त्यायनं. आता मालेगावले राह्यतात."

रविवारी मी आमच्याच जिल्ह्यातलं मालेगाव गाठलं. वच्छला भिवाजी इंगोले पासष्टीच्या पुढच्या. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी कामाचं सांगताच हात पुसून आत गेल्या आणि एक फाईल घेऊन आल्या. नऊ वर्षांच्या नऊ ऑर्डरी, एमएच्या प्रस्तावाची प्रत, आणि प्रत्येक ऑर्डरीमागे स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र: 'या नेमणुकीच्या आधारे मी कोणताही हक्क सांगणार नाही.' दर जुलैत मीही हेच लिहून देते.

"मॅडम, तुमचं नाव इतिहासात घालते. याच्या झेरॉक्स काढू द्या."

"नको, बाई. मी लिहून देल्लं हाये."

"ते नोकरीच्या हक्काचं होतं. नावाचं नव्हतं."

"कोनताही म्हंजे कोनताही. नऊ वर्सं पोरायले हेच शिकवलं मी, का वाचून सही करा अन् केली तर पाळा. आता मीच पलटू काय?"

मला असा राग आला! लिहून घेणारे केव्हाच विसरले, आणि लिहून देणारी अजून शब्दाला जागून बसली आहे.

"मग तुम्ही सांगूच नका," मी म्हटलं. "मी सांगते."

त्या पुन्हा शेंगा सोलायला बसल्या. पण फाईल माझ्या हातून परत घेतली नाही.

प्राचार्यांनी माझा मसुदा वाचला आणि वच्छलाबाईंच्या नावावर लाल रेघ ओढली. "विद्यापीठाची मान्यता नसलेलं नाव घालता येत नाही. पद रिक्त असंच लिहा. आणि जुलैत तुमची मुलाखत आहे, तेवढं लक्षात असू द्या." सभ्य माणूस. दमसुद्धा 'तुम्ही' म्हणून देतो.

घरी नवऱ्याला सांगितलं. धीरज म्हणाला, "हे इकतचं दुखनं कायले घेऊन राह्यली? त्या बाईलेच नको हाये तं तुले काय पडलं?" त्याचंही खोटं नव्हतं. जुलैची ऑर्डर हुकली तर कॉलेजचं दार मला कायमचं बंद. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने ते नाव काढून प्रिंट दिली. फाईलीच्या काढलेल्या झेरॉक्स मात्र पिशवीत तशाच राहिल्या.

समिती आली. त्यातल्या एक बाई चष्मा वर सारून आमची दोन पानं वाचत होत्या.

"पद रिक्त असताना एमए सुरू झालं? प्रस्ताव तयार कुणी केला?"

"कार्यालयाने केला, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

मी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. उठले. "वच्छला भिवाजी इंगोले यांनी. नऊ वर्षं हा विभाग त्यांनी एकटीने चालवला." झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. बाईंनी प्रस्तावाखालची सही पाहिली, नाव पुन्हा विचारलं आणि आपल्या कागदावर लिहून घेतलं. प्राचार्यांनी नंतर दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. जुलैची ऑर्डर गेली, हे मी समजून चुकले.

संध्याकाळी बस स्टँडवरून वच्छलाबाईंना फोन लावला.

"मॅडम, सांगितलं मी. त्यांनी तुमचं नाव लिहून घेतलं."

 पलीकडे त्या रडत होत्या. मलाही भरून आलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

मग त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "अन् तुहं?"

"माझं काय?"

"तुह्या आठ वर्सांपुढं काय लिवलं तिथं?"

मी पिशवीतली इतिहासाची प्रत काढली. दुसरं पान, शेवटची ओळ. २०१८ ते आजपर्यंत: पद रिक्त. हे मला प्राचार्यांनी सांगितलं नव्हतं, कुठल्या जुन्या अहवालातूनही उतरलं नव्हतं. पहिल्याच मसुद्यात, कुणी न सांगता, ते मीच टाईप केलं होतं.