ठकीची हजेरी

"सातवा पाठ तेवढा गाळा," ठकीची आई दारातच उभी राहून म्हणाली. "बाकी काय शिकवायचं ते शिकवा. तो नको."

बाईंनी हातातली वही चाळली. सातवा पाठ म्हणजे हसण्याचे दोन प्रकार. कोणी आपल्याबरोबर हसतं ते एक, आणि कोणी आपल्याला हसतं ते दुसरं. स्वमग्न मुलांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकवायचं काम बाई चोवीस वर्षं करत होत्या. खोली तीच, बुटक्या खुर्च्या त्याच. त्या खुर्च्यांपुढे बाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. पाठ लवकर उरका म्हणणारे आईबाप त्यांनी ढिगानं पाहिले होते, पण एखादा पाठ शिकवूच नका म्हणणारी ही पहिलीच.

"का हो?"

आईनं आत डोकावून पाहिलं. अकरा वर्षांची ठकी कोपऱ्यातल्या नळावर हात धूत होती. आईनं आवाज खाली आणला.

"शाळेच्या बसमधल्या मावशींनी सांगितलं मला. पोरं हिला रोज हजेरी घ्यायला लावतात. हिला सगळ्यांचे नंबर पाठ. ही उभी राहून एकेक नंबर पुकारते, मग कोणी म्यांव करतं, कोणी बेडकासारखं ओरडतं, आणि हसून हसून लोळतात मेली. ही घरी येऊन सांगते, आई, आज सगळे हसले. मग मी पण हसते."

"शाळेत बोललात?"

"बोलले ना. चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तिला कळत नाही म्हणून ती सुखात आहे, बाई. तेवढं एक राहू द्या तिला."

यावर बाईंकडे उत्तर तयार होतं. हसण्यातला फरक कळला नाही तर उद्या कोणीही गोड बोलून या पोरीला फसवेल, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"उद्याचं नका सांगू," आई मध्येच म्हणाली. ती दिवसभर कापडाच्या दुकानात उभी राहून थेट इथे आली होती. "मी आजचा दिवस ढकलतेय."

दहा वर्षांपूर्वी बाई तासभर भांडल्या असत्या. आज त्या नुसतं "बरं, नाही घेत" म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

दिवसभर आरशासमोर बसून चेहरे करायचे, हा या कामातला सगळ्यात दमवणारा भाग. हा राग, ही भीती, हे नवल. संध्याकाळपर्यंत गालांना रग लागायची, आणि घरी न्यायला एकही चेहरा उरायचा नाही. मग नवरा विचारायचा, "चिडलीयेस का?" त्या नेमक्या चिडलेल्या नसायच्या. इतक्या वर्षांत त्या माणसाला बायकोचा एकही चेहरा धड वाचता आला नव्हता, पण त्याच्या वयाच्या विद्यार्थ्यांना कुठे प्रवेश मिळत नाही.

ठकी खुर्चीवर बसली. बाईंनी कागदावर काडीचा माणूस काढला आणि त्याच्या डोक्यावर ढग. माणूस बोलतो ते तोंडापाशी लिहायचं, मनात येतं ते ढगात. मुलांनी ढग भरला की बाई त्यावर बरोबरची किंवा चुकीची खूण करत. मुलांना बरं वाटावं म्हणून त्यांनी आजवर एकही खोटी खूण केली नव्हती. जगाचा भरवसा नसलेल्या या मुलांना निदान बाईंच्या पेन्सिलीचा तरी भरवसा असावा, एवढंच.

"आजोबांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले. आजीनं तो कपाटात ठेवला. आजोबा आल्यावर चष्मा कुठे शोधतील?"

"टेबलावर," ठकी म्हणाली. "त्यांना माहीतच नाही."

वर्षापूर्वी तिनं ठामपणे कपाट म्हटलं असतं. आपल्याला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसतं, एवढं कळायला अख्खं वर्ष गेलं होतं. बाईंनी बरोबरची खूण केली आणि नवा कागद घेतला. ठकीनं तो आपल्याकडे ओढला.

तिनं लांबलचक बस काढली. बसमध्ये काडीची मुलं, सगळ्यांची तोंडं उघडी. मग प्रत्येक डोक्यावर ढग काढून, एकही न चुकवता, तिनं त्यात एकच वाक्य लिहिलं: ही येडी आहे.

"बरोबर की चूक?"

बाईंनी सगळे ढग वाचले. "कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी नाही. ते हसताना माझ्याकडे बघत नाहीत. एकमेकांकडे बघतात. माझ्याबरोबर हसले असते तर माझ्याकडे बघितलं असतं."

"कधी कळलं?"

"परीक्षेच्या आधी."

परीक्षा होऊन महिना उलटला होता. बाईंनी बसवर बरोबरची खूण केली. "मग तू अजून हजेरी कशाला घेतेस, ठके?"

"आई रोज विचारते, आज सगळे हसले का. खोटं बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय. हजेरी घेतली नाही तर कोणी हसणार नाही. मग मला नाही म्हणावं लागेल." तिनं कागदाच्या कोपऱ्यात आई काढली, खांद्याला पिशवी असलेली. तिच्या ढगात लिहिलं: ठकीला खूप मैत्रिणी आहेत. "आईला माहीतच नाही. आजोबांच्या चष्म्यासारखं. बरोबर की चूक?"

बाईंनी पेन्सिल उचलली. बरोबर म्हणावं तर ही पोर रोज सकाळी उभी राहून नंबर पुकारत राहणार, आणखी किती वर्षं कोण जाणे. चूक म्हणावं तर आईनं दारात विश्वासानं सांगितलेलं फुटणार. ठकी खुणेची वाट बघत होती.

बाईंनी चुकीची खूण केली.

ठकीचा चेहरा पडला. चूक तिला मुळीच खपत नसे. "मग काय आहे ढगात?"

"बसमधलं सगळं तिला माहीत आहे. तुला माहीत नाही, असं तिला वाटतं."

ठकीनं आईच्या ढगावर बोट ठेवलं. "म्हणजे ती मुद्दाम हसते."

"हो."

"मला वाईट वाटू नये म्हणून."

"हो गं."

"दोघींचं चुकलं," ठकी म्हणाली आणि रबर घेऊन ढग खोडायला लागली.

चोवीस वर्षांत कुठल्याच मुलानं दुसऱ्याचं मन इतकं खोलवर ओळखलं नव्हतं. एरवी बाईंनी शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं असतं. आज त्यांना नुसतं रडू येत होतं, आणि ते लपवायलाही त्राण नव्हतं.

बाहेर आई बाकावरून उठली. हसू तयारच होतं. "झालं? आज हसले का गं सगळे?"

"हसले. ते मला हसतात. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे," ठकी म्हणाली. "उद्यापासून मी हजेरी घेणार नाही. मग तुला हसावं लागणार नाही."

आईनं बाईंकडे पाहिलं. "मी नको म्हटलं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हटलं होतंत."

पोरीला महिन्याहून जास्त दिवस ठाऊक होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते ऐकणं आईला आणखी जड गेलं असतं. दोष आपल्याकडे राहिला तर राहू दे, असं त्यांना वाटलं.

आईचं हसू उतरलं. खाली जो चेहरा होता तो बाईंच्या चित्रांमध्ये कुठेच नव्हता. ठकी जवळ जाऊन तो निरखून बघायला लागली. एरवी ती असं काही दिसलं की बाईंकडे वळायची. आज तिनं थेट आईलाच विचारलं, "हा कोणता?"

"दमलेय गं, ठके."

"कधीपासून?"

"खूप दिवस झाले."

ठकीनं थोडा विचार केला. मग ती बाकावर बसली आणि एका कडेला सरकली. आई तिच्या शेजारी बसली. खाली रस्त्यावरून त्यांची घरी जायची बस निघून गेली, तरी दोघी उठल्या नाहीत.