पप्पूचा आजा

आमच्या आबांना माइक दिसला की तहान-भूक लागत नाही आणि घड्याळ तर मुळीच कळत नाही. गावात पाण्याची टाकी सुरू झाली, तेव्हा ते 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले. टाकी भरून वाहायला लागली तरी त्यांचा पहिला शब्द संपला नव्हता. किराणावाले चंद्रप्पा वारले, तर श्रद्धांजलीत आबांनी पिठाच्या गिरणीची वेळ बदलायची मागणी लावून धरली. भंगारवाल्याच्या गाडीवर एक माइक असतो. एकदा ती गाडी थांबवून त्यांनी त्याच्यावरून दहावी पास झालेल्या पोरांचं अभिनंदन केलं. भंगारवाला परका माणूस, त्याला वाटलं इथली पद्धतच असेल. तेव्हापासून तो आमच्या दारापुढं आला की स्वतःहून गाडी बंद करतो.

मी त्यांचा धाकटा मुलगा, सिद्धोधन. माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. लोक मला स्पीकर चांगले म्हणून बोलावत नाहीत. आबांचा आवाज हळूहळू बारीक करणारं बटण माझ्या हातात असतं म्हणून बोलावतात.

सुकेशनी ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. पालमच्या रस्त्याला आमचं गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषद शाळेत ती चौथीत शिकते. मागच्या सव्वीस जानेवारीला आबा शाळेत बोलायला उभे राहिले आणि देशाच्या प्रगतीवरून थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरले. "ही आमची नात," ते म्हणाले, "लहानपणी भिंत खायाची. चुलीजवळचा कोपरा आख्खा खाल्ला हिनं. कुणाला खोटं वाटत आसंल तर चला, दाखवतो."

चारदोन पाहुणे खरंच बघायला आले. चहा पिऊन गेले.

त्या दिवसापासून सुकेशनी वर्गात शिरली की मागून कुणीतरी म्हणायचं, "सुकेशने, आपल्या वर्गाची भिंत राहू दे गं. आमाला बसायचंय."

मग शाळेत आजी-आजोबा दिवस ठरला. प्रत्येक मुलानं आपला आजा किंवा आजी आणायची, त्यांना फूल द्यायचं आणि माइकवर त्यांचा एक गुण सांगायचा. पण दिवस खुरपणीचे. गावातले निम्मे म्हातारे रानात. वैजयंती मॅडमनी तोड काढली, "ज्यांना घरचे मिळत नाहीत त्यांनी शेजारचे आणा. कार्यक्रम झाला की जिथले तिथं नेऊन सोडा."

सूत्रसंचालन सुकेशनीकडं होतं. तिनं दोन दिवस आरशासमोर 'सुस्वागतम' म्हणून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आबांना सांगितलं, "आबा, आजी-आजोबा दिवस क्यान्सल झाला. मॅडमला ताप आलाय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "खरं का रं सिद्ध्या?"

मी वायर गुंडाळत होतो. "मला तर ऑर्डर न्हाई," म्हणालो. स्पीकर आदल्या संध्याकाळीच शाळेत पोचले होते.

इस्त्रीचा पांढरा सदरा आबांनी खुंटीवरून काढला होता, तो पुन्हा टांगला.

सुकेशनीनं शेजारच्या महादेवी आज्जींना आजी म्हणून नेलं. त्यांची नातवंडं लातूरला, त्यामुळे त्या मोकळ्याच होत्या. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "आगं, तुझा आजा तर घरी धडधाकट बसलाय की."

"त्यांचा घसा बसलाय," सुकेशनी म्हणाली. महादेवी आज्जींनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं कुणी गोदावरी आटली म्हणून सांगावं.

शाळेच्या व्हरांड्यात म्हातारी माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसली होती. बऱ्याच जणांना आपण कुणाचे आहोत हे नीट पाठ नव्हतं. पोरं येऊन आठवण करून देत होती. मी कोपऱ्यात मशीनजवळ होतो. आज बटणावर बोट ठेवायची गरज नव्हती, त्यामुळे बोटाला काय करावं ते सुचत नव्हतं.

आणि फाटकातून आबा आले. अंगात पांढरा सदरा. बोट दुसरीतल्या पप्पूच्या हातात.

सुकेशनीच्या हातातला माइक चालू होता. ती फक्त "आ" म्हणाली आणि ते 'आ' सगळ्या शाळेला ऐकू गेलं.

झालं असं होतं की पप्पूला दोन्हीकडचे आजोबा नाहीत. आबा दारातल्या लिंबाखाली बसले होते, तिथं येऊन तो म्हणाला, "आबा, रिकामे हाव का? मला शाळंत आजा पायजे." ताप आलेल्या मॅडमचा कार्यक्रम चालू आहे, हे आबांना तिथं कळलं. ते घरात गेले, सदरा घातला आणि आले.

आबा शेवटच्या खुर्चीवर बसले. सुकेशनीकडं त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी वायर तपासायला खाली वाकलो. चांगली वायर होती.

नावं पुकारत पुकारत सुकेशनी पप्पूपर्यंत आली. "आता... पप्पू आणि..." तिला पुढचं वाचता येईना. कागदावर पुढं काही लिहिलेलंच नव्हतं.

पप्पूनं माइक घेतला. "हे माझे आजोबा. मी यांना सकाळी आणलं. यांचा गुण म्हणजे, हे लगेच आले."

टाळ्या पडल्या. मॅडमना बिचाऱ्यांना सवयीनं भीती वाटली, तरी रीत म्हणून म्हणाल्या, "आबा, तुम्हीही दोन शब्द..."

व्हरांडा सावरून बसला. कुणीतरी भिंतीला पाठ टेकली. माझं बोट आपोआप बटणावर गेलं.

आबांनी माइकवर टिचकी मारली. "मी पप्पूचा आजा हाय," ते म्हणाले. "पप्पू लय गुणी लेकरू हाय." आणि माइक परत दिला.

लोकांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मला तिथंच वायरी गुंडाळून निघून जावंसं वाटलं. माझं बोट बटणावर तसंच. आवाज पूर्ण होता. कमी करायला काही उरलंच नव्हतं.

शेवटची पाळी सुकेशनीची. महादेवी आज्जी फुलासाठी हात पुढं करून बसल्या होत्या. सुकेशनी त्यांच्यापुढं गेली, थांबली आणि फूल घेऊन ओळीच्या शेवटाकडं चालायला लागली. आबांपुढं उभं राहून तिनं फूल पुढं केलं. "आबा, भिंतीचं सांगा ना सगळ्यांना," ती म्हणाली. "सांगा. चालतंय मला."

आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "न्हाई माय," ते हळूच म्हणाले. "आज मी पप्पूकडून आलोय. त्याचा कार्यक्रम कशाला बिघडवायचा? ते फूल त्या बाईला दे, त्या कवाच्या हात पुढं करून बसल्यात."

सुकेशनीनं फूल महादेवी आज्जींना दिलं. गुण सांगायचा राहून गेला. आज्जींनी ते फूल कुठं ठेवावं ते न कळून पदराखाली लपवलं, चोरीचं असल्यासारखं.

कार्यक्रम संपल्यावर आबा पप्पूला घरी सोडायला गेले. नियम तसा उलटा होता, पण ते कुणी बोललं नाही. घरी आल्यावर त्यांनी सदरा टांगला. जेवताना ते फक्त "मीठ" एवढंच म्हणाले. मीठ मी दिलं, पाणी सुकेशनीनं दिलं, वहिनीनं न मागता भाकरी वाढली. त्यांनी भांडण केलं असतं तर घास तरी आमच्या घशाखाली उतरला असता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. आमच्या दारापुढं सवयीप्रमाणं गाडी बंद केली आणि माइक काढून धरला. आबा ओट्यावर शेंगा फोडत होते. त्यांनी मान हलवली. "जा बाबा."

भंगारवाला घाबरला. "चाचा की तबेत खराब हाय क्या?" त्यानं मला विचारलं.

सुकेशनी दप्तर टाकून घरातून धावत आली. त्याच्या हातातला माइक घेऊन आबांपुढं धरला. हात अवघडला तरी खाली घेईना.

आबांनी हातातली शेंग बाजूला ठेवली. "बोलतो," ते म्हणाले. "पण आज कुणाचा आजा म्हणून बोलू?"

"माझा," सुकेशनी खाली मान घालून म्हणाली.

माइक चालू होता. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. पलीकडं महादेवी आज्जी दारात आल्या.

आबा उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "दोन शब्द बोलतो."

भंगारवाला गाडीवरून उतरला आणि सावली बघून बसला. मीही त्याच्याशेजारी बसलो. त्या गाडीला आवाज कमी करायचं बटणच नाही.