गळाला लावलेला मेल

तान्हा अनय छातीशी झोपला की मी एका हाताने ऑफिसचा इनबॉक्स उघडायचे. त्या आठवड्यात इनबॉक्स फारच गप्प होता. पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोनवर सरळ विचारलं, "मॅडम, मेलवर मेल पाठवतोय, उत्तर का नाही?" माझ्याकडे तर एकही आला नव्हता.

मग राजगोपाल सरांचा फोन. "रुचिरा, बाळ सांभाळून घरून काम जमत नसेल तर तसं सांग. इथे चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात कमलिनी आहेच."

कमलिनी. माझ्या बाळंतपणात माझ्या जागी आलेली तंजावरची मुलगी. आम्हा दोघींचा इनबॉक्स एकच, पासवर्ड एकच. ऑफिसातून तिने पाठवलेलं मला लगेच मिळे. बाहेरचंच तेवढं गायब. मनात पाल चुकचुकली. दुसरं कोण मेल पुसणार?

मी गळ टाकला. बाहेर नवं खातं उघडून खोट्या कंपनीच्या नावाने लिहिलं, 'मोठं काम आहे. रुचिराला न कळवता कमलिनींनी थेट आमच्याशी बोलावं.' पाठवून टक लावून बसले. मेल आला नाही, परतही फिरला नाही.

"गिळला बघ तिने," मी झोपलेल्या अनयच्या कानात म्हटलं.

खात्रीसाठी शनिवारी पुन्हा पाठवला. तेव्हा कमलिनी गावी निघालेली, बसमध्ये, फोनही लागत नव्हता. तरी तो आला नाही. बसमधून कसली पुसतेय ती?

तेव्हा कुठे मी आमच्या डोमेनच्या, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या, नोंदी काढून पाहिल्या. ऑफिसचे कॉम्प्युटर बघणाऱ्या मुरलीने नुकतेच वेबसाइट आणि इनबॉक्स नव्या सर्व्हरवर हलवले होते. पण मेल कुठे पोचवायचे, ती नोंद जुन्याच सर्व्हरची. ऑफिसातले मेल नव्या सर्व्हरवर आतल्या आत पोचत. बाहेरचे सगळे जुन्या घरी जाऊन पडत.

"अय्यो, ती एक ओळ राहिली, मॅडम!" मुरली फोनवर म्हणाला. सोमवारी त्याने नोंद बदलली आणि जुन्या सर्व्हरवर साचलेलं सगळं इनबॉक्समध्ये आणून ओतलं. पुण्याचे मेल. आणि माझे दोन.

पुसायला हात नेला तोच अनय किंचाळत उठला. दूध, लंगोट, परत दूध. येऊन बघते तर दोन्ही उघडलेले. कमलिनीचा फोन वाजत होता. उचलवेना, पण उचलला.

"रुचिरा अक्का, कुणीतरी तुम्हाला वगळून माझ्याशी बोलायचं म्हणतंय. लबाड मेला! मी लिहून टाकलं, काम अक्काच बघतात, बाळ झोपलं की त्या फोन करतील. बरोबर ना?"

"आणि सर?"

"त्यांना पुण्याचे मेल दाखवले. म्हणाले, पोचलेच नाहीत तर ती काय करणार, करू दे तिला घरूनच काम."

मी अनयला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अक्का? बाळ झोपलं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "जागा आहे. ऐकतोय सगळं."