तळ्याचा पडदा

"पाठीकडून लाव. चित्राला कळताही कामा नये."

आई हे अगदी हळू सांगायची, पडद्यापलीकडे कुणी झोपलेलं असावं तशी. अंगणात जुन्या चादरींवर अप्पांनी, माझ्या वडिलांनी, रंगवलेला नाटकाचा पडदा पालथा पसरलेला असायचा. रंग खाली, कोरं कापड वर. गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात मेण वितळलेलं, त्यात टर्पेंटाईन. लोकरीच्या बोळ्यानं ते कापडात चोळायचं, पण बेतानं. कापडात अर्ध्यावर मुरावं, पलीकडच्या रंगाला शिवू नये. तेव्हा नाटकं उघड्यावर व्हायची आणि दवानं पडदे भिजून जड व्हायचे. आमच्या पडद्यांवरचं दव मात्र झटकलं की निघून जायचं.

हा नियम अप्पांमुळेच आला होता. नव्या संसारात, घाईघाईत, त्यांनी जंगलाच्या पडद्याला समोरूनच मेण फासलं. संध्याकाळी दिवे लागले आणि सगळं जंगल ओल्या मासळीसारखं चकाकायला लागलं. विरहानं व्याकूळ झालेला राजा झाडापाशी येऊन उभा राहिला, तर प्रेक्षकांना हसू आवरेना. "तुमच्या जंगलात हिंडायचं तर राजाला छत्री द्या," असं आई घरी आल्यावर म्हणाली. पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अप्पा ते वाक्य ऐकवत, आणि आई दरवेळी काहीतरी काम काढून आत जाई.

आता दोघंही नाहीत. पडद्यांपैकी एकच उरला होता, पहाटेच्या तळ्याचा. तळ्याच्या निळ्या रंगासाठी अप्पा आम्हा सगळ्यांना अंधारातच उठवून तळ्याकाठी घेऊन गेले होते. धाकटा भाऊ आईच्या खांद्यावर पुन्हा झोपून गेला. अप्पा एका फळीवर रंगाचे ठिपके देत होते, निळ्यात खडूची पूड मिसळत होते, मान हलवून पुन्हा मिसळत होते. शेवटी जो रंग सापडला तो असा, की सूर्य अजून उगवायचाय, पण तळ्याला ते आधीच कळलंय.

अप्पांचं घर सोडायची वेळ आली तेव्हा या पडद्याचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. भिंतीएवढा पडदा, ना भावाच्या घरात मावणार, ना माझ्या. भाऊ म्हणाला, दोन तुकडे करू. तळं तुला, डोंगर मला. तो वाईट नाही, त्याला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. मी "बघू" म्हटलं. माझं "बघू" म्हणजे "नाही", हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

"ताई, तू देवाशीही इतकं हळू बोलत असशील, तर त्याला तरी काय ऐकू जाणार?"

"जातं," मी म्हटलं. "तुझं बोलणं थांबलं की जातं."

मग गावच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी समोरच्या पडवीत जागा देऊ केली. वर छप्पर होतं, पण एक बाजू उघडी. वारा फिरला की शिंतोडे थेट आत. पडदा आमच्याकडे येऊन खराब झाला असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून पाणी न धरणारा टिकाऊ लेप दिलात तरच लावू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. भावानं चौकशी करून जुनी चित्रं जपण्याचं काम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. तो त्यांना मागून लेपवाल्या बाई म्हणायचा, आणि बहुतेक त्यांना ते माहीत होतं.

बाईंनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढ्या जागेवर लेप दिला. पाण्यासारखा पातळ, वाळल्यावर ना वास, ना चिकटपणा. त्यांनी वर पाणी शिंपडलं, तर थेंब अळूच्या पानावरून ओघळावेत तसे गेले. भाऊ खूश झाला. बाईंचं लक्ष मात्र रंगाकडे होतं. कोपरा त्यांनी उजेडात नेला.

तेवढा चौकोन गडद झाला होता.

बाई म्हणाल्या, लेप बिघडलेला नाही. सरसाच्या गोंदात कालवलेला असा खडूसारखा कोरडा रंग लेप प्यायला की गडद होतोच. पण एकदा बसलेला लेप काढता येत नाही, म्हणून पुढे जायचं की नाही ते घरच्यांनी सांगावं. भाऊ म्हणाला, थोडा गडद तर गडद, निदान अख्खा तरी राहील.

"हे तळं दुपारचं झालं रे," मी म्हटलं.

तो खाली वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग सरळ होऊन त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, नको.

मी बाईंना पाठीकडून बघायची विनंती केली. त्यांनी कड उलटली, कापडावर थेंब टाकला. इतक्या वर्षांनीही तो गोल उभा राहिला. आईचं मेण. बाईंचा चेहरा उजळला. पाठीला काही नको, त्या म्हणाल्या, दोन-चार विरळ जागी पुन्हा मेण दिलं की झालं. समोरून मात्र शिंतोड्यांना उपाय एकच: हवा बिघडायच्या आत पडदा वर गुंडाळायचा. गुंडाळला की चित्र आत आणि मेणाची पाठ बाहेर.

व्यवस्थापक म्हणाले, त्यासाठी आमच्याकडे माणूस नाही.

"मी येईन," मी म्हटलं. "सकाळी सोडीन. हवा फिरली की गुंडाळीन. शब्द देते."

ते नम्रपणे हसले. असे शब्द त्यांनी पुष्कळ ऐकले असावेत. तेव्हा भाऊ पुढे झाला. सकाळची प्रार्थना झाल्यावाचून ही कुणाशी बोलत नाही, तो म्हणाला, माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बोलली नाही, पाहुण्यांना वाटलं रुसलीय. "तुमचं नाट्यगृह एखाद्या दिवशी बंद राहील साहेब, हिचा नेम नाही चुकणार."

त्यांनी पडवीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

पडदा आता तिथे आहे, अख्खा. नाटकाला आलेली माणसं त्याच्यापाशी पोचली की आवाज खाली आणतात. कारण त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. मी कधी कधी बाकावर बसून हे पाहते. आईला दाखवायला हवं होतं, असं वाटतं.

परवा दुपारी जेवायला बसले होते. पहिला घास घेणार, तेवढ्यात खिडकीचं दार हललं. वारा ओलसर होता आणि उलट्या दिशेनं येत होता. मी घास ताटात ठेवला, ताटावर ताट झाकलं, किल्ली घेतली. शेजारीण दारातच होती. जेवतेस ना ग, असं तिनं विचारलं. आलेच, म्हटलं, आणि जिना उतरायला लागले.