श्वासाच्या यंत्राची पूजा

आमच्या घरात सामान बांधायची अक्कल कुणालाच नाही, हे मी लग्न होऊन निमगाव सावाला आले त्याच आठवड्यात ओळखलं. माझा नवरा भरत बाहेरगावी जाताना एकाच पिशवीत चपला, इस्त्रीचा शर्ट आणि पेढ्याचा पुडा कोंबतो आणि वर मलाच विचारतो, शर्टाला वास कसला येतोय. त्याच घरात माझी नणंद हर्षाली कशी जन्माला आली, देव जाणे.

२००७ सालची ती दुपार. हर्षाली ओसरीवर समुद्रात बुडी मारायचं सामान मांडून बसली होती. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली ही पोर मालवणला जाऊन खोल पाण्यातली बुडी शिकली, आणि आता अंदमानात लोकांना तेच शिकवायची नोकरी तिला लागली होती. संध्याकाळी भरत तिला गाडीनं पुण्याला सोडणार, पहाटे विमान. आमच्या खानदानात विमानात बसणारी ती पहिलीच.

फक्त आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाई प्रयागबाईंनी, अजून होकार दिला नव्हता. नाही म्हणत नव्हत्या, पण हो पण म्हणत नव्हत्या. हर्षालीनंही सांगून टाकलं होतं, आईनं तोंडानं जा म्हटल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. तिकीट हातात आणि बाईसाहेब आईच्या तोंडाकडे बघत बसलेल्या. मला तर दोघींचाही राग येत होता.

पण तिचं बांधणं बघताना राग कुठल्या कुठे जायचा. पायात घालायचे ते लांब पंखे तिनं बॅगेच्या दोन्ही कडांना उभे लावले. अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख गोधडीसारखा घडी करून तळाशी. चाकू टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या पोटात, कारण तो हातातल्या पिशवीत चालत नाही. बॅटरीतले सेल काढून वेगळे ठेवले. बॅगेत चुकून पेटली तर कापड जाळील, म्हणाली. हवेची टाकी आणि खाली बुडावं म्हणून कमरेला बांधायचं शिसं तिकडेच मिळणार, म्हणून ते ओझं नाहीच. मग कांद्याच्या गोण्या तोलायचा ताणकाटा तुळईला अडकवून तिनं बॅग टांगली. वजन जास्त भरलं. मी हळूच आत सारलेल्या लोणच्याच्या बरणीकडे बघायचं टाळलं, पण तिनं बरोबर तीच काढली.

सगळ्यात जपून ठेवलं ते श्वासाचं यंत्र. टाकीतली हवा त्यातून तोंडात येते. ते मोठ्या बॅगेत आदळेल, आपटेल, म्हणून मऊ कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत. खाली गेल्यावर माझा जीव एवढ्याशावर असतो, असं ती मला सांगत होती तेव्हा आत्या मागे गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नंतर हर्षाली शेजारच्या कुशाबाईंच्या पाया पडायला गेली आणि मी तिच्यासाठी दशम्या करायला चुलीकडे वळले.

परत आल्यावर तिनं पुन्हा सगळं उघडायला घेतलं. मी म्हटलं, अगं बये, आत्ताच तर बघितलंस, विमान काय तुझ्यासाठी थांबणार आहे का. तिचे हात चालूच होते. यंत्राचा स्क्रू सैल करून तिनं काळी रबरी टोपी बाजूला केली आणि तिचा हात थांबला. टाकी जोडायच्या तोंडात, हवा गाळायच्या बारीक जाळीवर, हळद होती, कुंकू होतं आणि अक्षता होत्या.

आत्यांनी लपवालपवी केली नाही. "म्याच वाह्यलं," त्या म्हणाल्या. "टॅक्टरला वाहतो, फवारनीच्या पंपाला वाहतो. आन ह्ये तर तुझ्या जिवाचं यंत्र. वारा जितून आत जातो तितंच वाह्यलं."

फवारणीच्या पंपाची तोटी खोलणाऱ्या बाईला तो स्क्रू काय अवघड! भरत मात्र तडकला. आईला नाही नाही ते बोलला. हर्षालीनं त्याला हातानंच गप्प केलं. बॅगेतून हत्यारांची डबी काढली, बारीक पकडीनं जाळी उपसली, आतली बाजू उजेडाला धरून बघितली, मऊ ब्रशनं कडा झाडल्या आणि जपून ठेवलेली नवी जाळी बसवली. तिकडे गेल्यावर पाण्यात न्यायच्या आधी वरच टाकीला जोडून तपासून घेईन, म्हणाली. ती माझी नणंद आहे याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की दशमी तव्यावर करपली तरी मी हलले नाही.

आत्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "ध्यानात आलं नसतं तर?"

दुसरी कुणी असती तर आईची समजूत घातली असती. हर्षालीनं खरं तेच सांगितलं.

"पान्यात वारा अडला असता, आई. पन ध्यानात आलंच असतं. पान्यात उतरायच्या आधी मी दर खेपेला समदं उघडून बघती. कुनी का बांधून दिलेलं असंना."

"माझ्या हातचं बी?"

"तुझ्या हातचं बी."

वर्षानुवर्षं जिच्या हातचं खाल्लं, त्या आईला तोंडावर असं सांगायचं म्हणजे काय! आता या रडणार आणि हिचं जाणं राहणार, असंच मला वाटलं.

आत्यांनी लेकीच्या हाताकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज धड होता.

"मला ह्येच भ्या व्हतं," त्या म्हणाल्या. "तितं तुझ्याकडं बघाया मी नसनार, मंग कोन बघनार. तर तूच बघतीस. जा."

गाडी दारात आली. भरतनं यंत्राची पिशवी उचलायला हात पुढे केला, तर आत्यांनी त्याचा हात मागे ओढला.

"तू नको हात लावू," त्या म्हणाल्या. "तिची ती ठेवील."