डोंगर धरून ठेवणारा चुरा

मी चुरा बोलतोय. डोंगराच्या पोटातला, दोन खडकांच्या मध्ये दबलेला चुरा. मला आजवर कोणी पाहिलेलं नाही, आणि पाहायची वेळ कोणावर येऊ नये.

माझा जन्म भांडणातून झाला. वरचा खडक उतारावरून खाली सरकू पाहत होता, खालचा जागचा हलेना. त्यांच्या घासाघाशीत जे भरडलं गेलं, तो मी. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. माझं मात्र पीठ झालं.

पण सुरुवातीला मी असा नव्हतो. माझ्या कणाकणाला कोपरे होते, धार होती. ते एकमेकांत असे रुतून बसायचे, की वरचा अख्खा खडक मी अडवून धरला. वरून जितका दाब, तितकी माझी पकड घट्ट. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

माझा वैरी एकच, पाणी. ते झिरपत येतं, कणांच्या मधे शिरतं आणि वरचं ओझं थोडं स्वतःवर घेतं. वाटतं, किती उपकार करतंय! पण दाब कमी झाला की माझे कण सैल पडतात आणि खडक केसभर सरकतो. दर वेळी माझे कोपरे झिजतात. कोरड्या दिवसांत मी पुन्हा घट्ट बसतो, पण पहिल्यासारखा नाही.

माझ्या डोक्यावर एका सुताराचं घर आहे. पुढची खोली पक्क्या जमिनीवर, मागची त्या सरकत्या खडकावर, मधे एक दार. मागच्या खोलीत सुताराची म्हातारी आई अंथरुणाला खिळून आहे. घरातलं बोलणं जमिनीतून माझ्यापर्यंत पोचतं.

खडक सरकला की ते मधलं दार चौकटीत अडकायचं. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर बोंबाबोंब झाली असती. पण हा पडला सुतार! दार जरा कुरकुरलं की रंधा काढायचा, कड तासायचा आणि दार बोटाने फिरवून दाखवायचा.

"अहो, आत्ताच तर तासलं होतं," बायको म्हणायची.

"लाकूड आहे ते, फुगतं."

"मग उन्हाळ्यात आकसत का नाही?"

"तू मला सुतारकाम शिकवणार का आता?"

आतून म्हातारी हसायची. "सूनबाई, नाद सोड. त्याचा बापही असाच होता."

मला मात्र हसू यायचं नाही. मी डोंगराची खबर त्या दारापर्यंत पोचवत होतो, आणि हा गृहस्थ ती तासून केरात टाकत होता.

मध्यंतरी उताराची पाहणी करणाऱ्या एक बाई आल्या. घरोघरी विचारत होत्या, "भिंतीला तडा गेलाय? दार-खिडकी अडकते?" शेजारच्या शिंप्याने आपली खिडकी दाखवली. बाईंनी त्याला घर सोडायला सांगितलं, आणि तो बिऱ्हाड घेऊन गेलासुद्धा.

सुताराने दार उघडून-मिटून दाखवलं. "बाई, सुताराच्याच घरात दार अडकलं तर मला काम कोण देईल?"

बाई हसल्या. दार खरंच सुरेख फिरत होतं. बायकोने तोंड उघडलं, तेवढ्यात नवऱ्याने डोळे वटारले. परक्या माणसासमोर त्याचं हसं नको, म्हणून ती गप्प बसली. मला तेव्हा फार भीती वाटली.

आता पाऊस थांबायचं नाव घेत नाही. माझी धार गेली. उरलाय तो चिखल. हळूहळू सरकतोय तोवर मी खडकाला थोडंफार अडवू शकतो. एकदा का त्याने वेग घेतला, की त्या घासण्यानेच माझी उरलीसुरली पकड सुटेल. मग मी कोणालाच थांबवू शकणार नाही.

आज दुपारी दार पुन्हा अडकलं. या वेळी मिटलेलं, आणि म्हातारी आत.

"रंधा दे," सुतार म्हणाला. "वरून तासतो, सुटेल."

"अहो, दार सोडा, चौकट बघा!" बायको किंचाळली.

त्याने पाहिलं. चौकट त्याने स्वतः काटकोनात बसवली होती. आता ती तिरकी झाली होती, आणि हे लाकडाचं काम नव्हे, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"अरे, माझा पलंग हलतोय रे," आतून म्हातारीचा आवाज आला.

"कुऱ्हाड आण," तो म्हणाला.

पहिला घाव बसला. दार फुटलं नाही. दुसरा बसला, एक ढलपी उडाली. दार त्याच्याच हातचं आहे, सागवानी, नातवंडांच्या काळापर्यंत टिकेल असं.

सुतारा, घाल घाव. हात आखडू नकोस. म्हातारीला पाठीवर घे, बायकोला पुढे काढ आणि पक्क्या जमिनीकडे धाव. मी अजून धरून आहे. पण माझ्या भरवशावर राहू नकोस.